हाती विजेरी, माथी दिवा : एका लहान उपकरणाचे मूल्यमापन

शेतीपंपाला रात्रीच्या पाळीत वीज आली की शेतकऱ्याला बांधावर जावेच लागते. एक वाफा भरला की दुसऱ्याचे दार फोडायचे, पाट फुटला तर चिखल ओढून बुजवायचा, मध्येच पंप बंद पडला तर विहिरीपर्यंत धाव घ्यायची. ही सारी कामे दोन हातांची, आणि हातांत आधीच फावडे. अशा वेळी गावोगाव जिला ‘बॅटरी’ असेच म्हणतात ती विजेरी काखेत दाबून धरली जाते, मान आणि खांदा यांच्या बेचक्यात अडकवली जाते, आणि कित्येकदा दातांत धरली जाते. दिवसा वीज मिळावी यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तथापि रात्रीचे दारे धरणे सर्वत्र संपलेले नाही.

त्याच बांधावर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचाही वावर असतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. त्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. दिव्याच्या उजेडाने साप पळून जातो असे मुळीच नाही. गमबूट आणि काठी यांची जागा दिवा घेऊ शकत नाही. परंतु पाऊल कोठे पडत आहे ते दिसणे आणि त्याच वेळी दोन्ही हात मोकळे असणे, या दोन गोष्टी एकत्र साधल्या तर धोका निश्चितच कमी होतो. हातात धरता येणारी आणि पट्ट्यात बसवून कपाळावरही बांधता येणारी लहान विजेरी याच कारणाने आज शेतकऱ्यांपासून गिर्यारोहकांपर्यंत, शिडीवर चढलेल्या वायरमनपासून अंधाऱ्या गोदामातील तारण मालाची पाहणी करणाऱ्या बँक अधिकाऱ्यापर्यंत अनेकांच्या उपयोगी पडू लागली आहे. बाजारात तिचे असंख्य प्रकार असून किमती काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत आहेत. त्यांतील बरी कोणती, हे ओळखण्यासाठी विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण नाही. थोडे अंकगणित आणि घरातली एक संध्याकाळ एवढ्यावर बरेच काही कळू शकते.

या विजेरीची ठेवण काटकोनी असते. दांडा उभा, आणि प्रकाश मात्र टोकाकडून सरळ न येता बाजूला फेकला जातो. ही कल्पना नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात ‘टीएल-१२२’ या नावाची काटकोनी विजेरी सर्रास वापरली जात असे. कंबरपट्ट्याला अडकवली की ती समोर उजेड पाडी आणि सैनिकाचे हात मोकळे राहत. तिच्यात दोन जाडजूड सेल बसत, त्यामुळे ती कपाळावर बांधण्याचा विचारही संभवत नव्हता. पुढे १९९० च्या दशकात निळ्या आणि त्यापाठोपाठ पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी बाजारात आले. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. एलईडीच्या जोडीला वजनाने हलका लिथियम-आयन सेल आला, आणि पट्ट्यासह शंभर-दीडशे ग्रॅम भरणारा दिवा माणसाच्या माथ्यावर विराजमान झाला.

खोक्यावरचा मोठा आकडा

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा ल्यूमेनचा असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे हे माप होय. जुन्या ६० वॅटच्या बल्बमधून सुमारे ७०० ल्यूमेन प्रकाश मिळत असे, हे लक्षात ठेवले म्हणजे तळहाताएवढ्या विजेरीवर लिहिलेल्या ‘१००० ल्यूमेन’चा अर्थ उमगतो. प्रश्न तेवढा प्रकाश किती वेळ टिकतो हा आहे.

येथे बँकेच्या ग्राहकाला परिचित असलेला हिशेब उपयोगी पडतो. सेल हे खाते आहे. त्यातील शिल्लक मोजण्याचे एकक वॅट-तास. अशा दिव्यांत बहुधा ‘१८६५०’ या नावाचा सेल असतो. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, एवढाच या नावाचा अर्थ. त्यावर ३४०० मिलिअँपिअर-तास अशी धारिता लिहिली असेल, तर ३.४ ला ३.६ व्होल्टने गुणावे. शिल्लक सुमारे १२.२ वॅट-तास भरते. चांगला एलईडी दिवा दर वॅटला साधारणतः १०० ल्यूमेन प्रकाश देतो असे धरले, तर या सेलमधून एकंदर १२०० ‘ल्यूमेन-तास’ मिळतील. ते १००० ल्यूमेनने खर्च केले तर जेमतेम सव्वा तास पुरतील, ३०० ने चार तास, १०० ने बारा तास. पाण्याची पाळी आठ तासांची असेल तर दीडशे ल्यूमेनपेक्षा अधिक उधळपट्टी परवडणारी नाही. ज्या खोक्यावर ‘१००० ल्यूमेन’ आणि ‘२० तास’ हे दोन दावे शेजारी शेजारी असतात, तेथे दोन्ही एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. शिल्लक नसता लिहिलेल्या धनादेशासारखी ही गोष्ट आहे.

तरीही असे दावे करणारा प्रत्येक उत्पादक खोटे बोलत असतो असे नाही, आणि मौज येथेच आहे. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली ‘एफएल १’ हे मानक तयार झाले. त्याची लहान लहान चिन्हे आता भारतात मिळणाऱ्या अनेक खोक्यांवरही दिसतात. या मानकानुसार प्रकाश मोजला जातो तो दिवा लावल्यानंतर अर्धा मिनिट ते दोन मिनिटे या अवधीत. आणि दिव्याचा ‘चालण्याचा काळ’ मोजतात तो प्रकाश मूळच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंत! म्हणजे हजार ल्यूमेनने सुरू झालेला दिवा पाच मिनिटांत तीनशेवर उतरला, पुढे हळूहळू मावळत शंभराला टेकला, तरी तोवरचा सारा वेळ नियमाप्रमाणे ‘हजार ल्यूमेनच्या’ रकान्यात छापता येतो. नियम पाळला गेला, पण ग्राहकाचा समज मात्र चुकीचा झाला.

प्रकाश उतरण्याचे कारण उष्णता. हजार ल्यूमेनसाठी सुमारे १० वॅट शक्ती लागते आणि तिचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने त्या चिमुकल्या धातूच्या दांड्यात साठतो. हातात धरलेला दिवा आपली उष्णता काही अंशी तळहाताला देतो. कपाळावरच्या दिव्याभोवती मात्र रबरी कडी आणि वारा यांखेरीज काही नसते. म्हणून एकच दिवा हातात असता थोडा अधिक वेळ तेजस्वी राहतो आणि माथ्यावर लवकर मंदावतो. चांगल्या दिव्यात तापमान पाहून प्रकाश आपोआप कमी करणारी रचना असते. तो दोष न मानता गुणच मानावा.

झोताचे अंतरही असेच पडताळता येते. ‘एफएल १’ प्रमाणे झोत जेथपर्यंत पाव लक्स, म्हणजे निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पाडतो, तेथपर्यंत त्याची पोच धरतात. खोक्यावर कँडेलाचा आकडा असल्यास त्याचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे. उत्तर मीटरमध्ये मिळते. २५०० कँडेलाचा दिवा १०० मीटर, १०,००० कँडेलाचा २०० मीटर. अंगठ्याएवढ्या भिंगाचा दिवा ‘एक किलोमीटर’ पोचतो असे कोणी सांगू लागला, तर त्याला अडीच लाख कँडेला लागतील एवढे सांगून पुढच्या दुकानाकडे वळावे.

झोत कसा, आणि कोठून

दोन कामांसाठी एक दिवा घेण्यातला खरा पेच येथे आहे. कपाळावरच्या दिव्याचा उजेड रुंद आणि मऊ हवा. पायांपासून चार-पाच पावलांपर्यंतचा पट्टा एकसारखा उजळला पाहिजे. हातातल्या विजेरीकडून मात्र अरुंद, दूरवर जाणाऱ्या झोताची अपेक्षा असते. दाणेदार काचेचे भिंग पहिले काम करते, खोलगट गुळगुळीत परावर्तक दुसरे. एकाच दिव्यात दोन्ही हवे असेल तर तडजोड अटळ आहे, आणि ती तडजोड रुंद झोताच्या बाजूने झुकलेली असावी. दूरवर पाहण्याची गरज रात्रीतून चार वेळा पडते, पायाखाली पाहण्याची प्रत्येक पावलाला.

परंतु हा दिवा घेण्याचे सर्वांत सबळ कारण निराळेच आहे, आणि विक्रेते ते क्वचितच सांगतात. प्रश्न केवळ हात मोकळे ठेवण्याचा नाही. दिवा कोठे धरला आहे यावर काय दिसते हे अवलंबून असते. कपाळावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी लगत असतो. त्यामुळे वस्तूंच्या सावल्या त्यांच्या मागे, नजरेआड पडतात आणि समोरचा प्रदेश सपाट भासतो. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून पाहिला तर तो असाच सपाट दिसतो. अष्टमीच्या चंद्रावर मात्र तिरप्या उजेडामुळे विवरे उठून दिसतात. पायवाटेवरचा खड्डा, बांधाची कड, पाचोळ्यात वेटोळे करून बसलेली घोणस, या सगळ्यांना हाच नियम लागू आहे. दिवा कपाळावरून काढून कमरेच्या उंचीवर धरला की प्रत्येक उंचवट्यामागे सावली लांबते आणि जमिनीचा चढउतार डोळ्यांना कळू लागतो. म्हणून फावडे चालवताना दिवा माथ्यावर असावा, आणि वाट चालताना एक हात मोकळा असेल तर तो हातात घ्यावा. निव्वळ कपाळावर बांधण्याच्या दिव्याला हे सहज जमत नाही; साध्या विजेरीला पहिले काम जमत नाही.

धुक्यात तर हा फरक कोणालाही चटकन पटतो. उत्तर भारतातील पौष-माघातले दाट धुके असो की सह्याद्रीच्या माथ्यावरचा पावसाळी ढग, कपाळावरचा दिवा लावताच डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहते. लगतचे जलकण प्रकाश सरळ डोळ्यांत परत फेकतात. तोच दिवा खाली धरला तर भिंत विरते आणि वाट दिसू लागते. पावसाळ्यात आणखी एक व्याप असतो तो किड्यांचा. माथ्यावर दिवा म्हणजे चेहऱ्याभोवती चिलटांची यात्रा. तांबड्या प्रकाशाची सोय असेल तर किडे कमी येतात, आणि अंधाराला सरावलेले डोळेही फारसे दिपत नाहीत. हा सराव पूर्ण होण्यास सुमारे अर्धा तास लागतो आणि पांढऱ्या लखलखाटात तो क्षणात नाहीसा होतो, हे रात्री डोंगर चढणाऱ्यांना ठाऊक असते. (कपाळावर दिवा बांधून समोरच्याशी बोलणे म्हणजे त्याच्या डोळ्यांत झोत मारणे होय, हे मात्र अनुभवी मंडळीही विसरतात.)

प्रकाशाचा रंग ही बाब दुय्यम समजली जाते. ती तशी नाही. ६५०० केल्व्हिनच्या निळसर पांढऱ्या प्रकाशात ल्यूमेनचा आकडा फुगतो, पण तपकिरी, तांबूस आणि मातकट छटा एकमेकींत मिसळून करड्या होतात. तपकिरी पाचोळ्यातला तपकिरी साप, पेटीतील तपकिरी आणि तांबडी वायर, चिखल आणि रक्त यांतील भेद ४००० ते ५००० केल्व्हिनच्या प्रकाशात अधिक स्पष्ट कळतो. रंगदर्शनाचा निर्देशांक ९० च्या पुढे असेल तर फारच उत्तम. त्यासाठी दहा-वीस टक्के ल्यूमेन सोडावे लागले तरी सौदा फायद्याचा आहे.

पट्टा, कळ आणि चुंबक

दिव्याची परीक्षा करणारे पट्ट्याकडे दुर्लक्ष करतात आणि वर्षभरात तोच आधी जातो. रबराच्या दोन कड्यांत दिवा सरकवण्याची पद्धत साधी आणि टिकाऊ असते. दिवा कड्यांत फिरवून झोत वर-खाली करता येतो. प्लॅस्टिकच्या चापात तो लवकर बसतो व निघतो, पण चाप तुटला की पट्टा निरुपयोगी ठरतो. डोक्यावरून जाणारा तिसरा पट्टा असल्यास धावताना दिवा डुलत नाही. घामाने इलॅस्टिक सैल पडते, म्हणून पट्टा सुटा होणारा, धुता येणारा आणि वेगळा विकत मिळणारा असावा.

कळ अंधारात बोटाला सापडली पाहिजे, आणि खिशात चुकून दाबली जाता कामा नये. तेजस्वी दिवा खिशात आपोआप लागला तर कापड करपण्याइतका तापू शकतो. यावर उपाय सोपा आहे. मागचे झाकण पाव फेरा सैल केले की विद्युतमंडल तुटते; चांगल्या बनावटीच्या दिव्यात झाकणाच्या आट्यांवर वीज न वाहणारा थर असतो म्हणून हे साधते. दुकानातच करून पाहावे. एकाच कळीला सात-आठ प्रकार आणि त्यांत डोळे दिपवणारा चमचमाट घातलेला दिवा सरळ नाकारावा. रात्री तीन वाजता चिखलात उभ्या माणसाला मंद, मध्यम आणि तेज एवढेच पुरे असते.

बऱ्याच दिव्यांच्या बुडाशी चुंबक असतो. मोटारीच्या पत्र्याला किंवा पंपाच्या लोखंडी पेटीला दिवा चिकटवून काम करता येते, ही फार मोठी सोय आहे. मात्र असा दिवा डेबिट कार्डाच्या खिशात ठेवू नये. कार्डावरील चिपला चुंबकाने अपाय होत नाही, पण मागील काळ्या पट्टीवरची नोंद बिघडू शकते. चुंबकीय पट्टी असलेल्या पासबुकांनाही हेच लागू. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी चुंबक किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा.

पाण्याबाबत ‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोड्यांपासून संरक्षण, ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसाळी कामाला पहिले पुरते, पाटाच्या पाण्यात दिवा पडण्याची शक्यता असेल तर दुसरे हवे. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण नीट बसलेले नसेल तर या अक्षरांना अर्थ उरत नाही.

सेलविषयी सावधगिरी

नकली माल सर्वाधिक आढळतो तो येथे. १८६५० आकाराच्या सेलची खरी धारिता बहुधा ३५०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत असते. अगदी अलीकडच्या काही सेलांची ४००० च्या आसपास. ‘९९००’ छापलेला सेल खोटा आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चांगला सेल सुमारे ४५ ग्रॅम भरतो. तीस ग्रॅमचा सेल आतून अर्धा रिकामा समजावा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलांना भारतीय मानक ब्यूरोची ‘आयएस १६०४६’ अन्वये नोंदणी सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा. सेलचे बहुतेक सारे अंग ऋण ध्रुव असते, त्यावर केवळ पातळ वेष्टण असते. म्हणून वेष्टण फाटलेला सेल वापरू नये आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नये. विमानप्रवासात सुटे सेल सामानाच्या बॅगेत न ठेवता हातातील पिशवीत, टोके झाकून न्यावेत. निकामी सेल कचऱ्यात टाकू नयेत. ते परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकलेली आहे.

ज्या गावी लिथियम सेल मिळतच नाही, तेथे साध्या ‘एए’ सेलवर चालणारा दिवा अधिक शहाणपणाचा ठरतो. त्यातील पुनःपुन्हा चार्ज होणाऱ्या सेलची शिल्लक जेमतेम अडीच वॅट-तास, म्हणजे पाचव्या हिश्श्याइतकी. पण अडचणीच्या रात्री किराणा दुकानातून नवा सेल आणता येतो.

आणि एक इशारा. गॅस गळतीचा वास येत असलेल्या खोलीत कोणत्याही विजेरीची कळ दाबू नये, विजेरी आधीच बाहेर लावून घेतलेली असली तरी ती आत नेऊ नये. कोळशाच्या खाणींत खास तपासून मान्यता दिलेलेच टोपीदिवे वापरतात, ते याच कारणास्तव.

घरच्या घरी परीक्षा

सेल पूर्ण चार्ज करून रात्री पांढऱ्या भिंतींच्या लहान खोलीत, न्हाणीघर उत्तम, दिवा आडवा ठेवावा. काटकोनी असल्याने त्याचे भिंग आपोआप छताकडे करता येते. छतावरून परतणारा उजेड मोबाइलमधील प्रकाशमापक ॲपने मोजावा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी एकाच जागी ठेवलेल्या मोबाइलवरील आकड्यांची तुलना विश्वसनीय असते. पहिल्या मिनिटाला, पाचव्या, तिसाव्या आणि त्यानंतर दर तासाला नोंद करावी. पातळी तासन्‌तास स्थिर राहून अखेरीस एकदम उतरली, तर आतील विद्युतरचना चांगली आहे. आरंभापासून उतरंडच लागली, तर मोठा आकडा केवळ खोक्यापुरता होता. मध्यम प्रकाशात मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता आडवे पट्टे सरकताना दिसले तर दिवा वेगाने लुकलुकत आहे. अशा दिव्याखाली दीर्घकाळ काम केल्यास काहींचे डोके दुखते.

त्यानंतर दिवा कपाळावर बांधून अर्धा तास खरे काम करावे: सायकलचे पंक्चर काढावे, माळा आवरावा, जिना दोनदा चढावा-उतरावा. दिवा घसरतो का, कपाळाला चटका बसतो का, मान अवघडते का हे त्यातूनच कळते. मग डोळे मिटून तो पट्ट्यातून काढून हातात घ्यावा आणि पुन्हा बसवावा. यास दहा सेकंदांहून अधिक लागत असतील, तर प्रत्यक्षात तो कधीच काढला जाणार नाही आणि दोन कामांचा म्हणून घेतलेला दिवा एकाच कामाचा होऊन राहील.

परीक्षेत उतरलेला दिवा दाराजवळच्या खुंटीला, मागचे झाकण पाव फेरा सैल करून टांगावा आणि तो पाव फेरा घरातील प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना, एकदा स्वतः फिरवून दाखवावा. नाही तर ऐन वेळी दिवा बिघडला असे समजून कोणीतरी तो तसाच खुंटीवर ठेवून अंधारात बाहेर पडेल.